देहगडाचे पहारेकरी

सह्याद्रीतील एखाद्या डोंगरी किल्ल्याची रचना पाहिली म्हणजे तो उभारणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे नवल वाटते. पायथ्याशी दाट रान, त्यावर उभा कडा, कड्यावर तट, तटाला बुरूज आणि वळणाआड दडलेला दरवाजा. या दरवाजावर रात्रंदिवस पहारा असे. ओळख पटल्यावाचून कोणालाही आत प्रवेश मिळत नसे.

मनुष्याचे शरीर हाही असाच एक गड आहे. त्वचा हा त्या गडाचा तट होय. नाकातील केस, डोळ्यांतील अश्रू आणि जठरातील तीव्र आम्ल या त्याच्या चौक्या होत. या साऱ्यांना चुकवून एखादा रोगजंतू आत शिरलाच, तर त्याला अडविण्यासाठी रक्तामध्ये पहारेकऱ्यांची एक फौज सदैव सज्ज असते. या पहारेकऱ्यांना पांढऱ्या पेशी असे म्हणतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या साधारणपणे ४,००० ते ११,००० असते.

खेळताना एखाद्या मुलाचा गुडघा फुटतो. दुसऱ्या दिवशी जखमेभोवतीची जागा लाल होते, थोडी सुजते आणि हाताला गरम लागते. आत चाललेल्या लढाईची ती खूण असते. जखमेत पू झाला, तर त्यात या लढाईत कामी आलेल्या पांढऱ्या पेशीच पुष्कळ असतात. या फौजेत निरनिराळी पथके आहेत. काही पेशी जंतूंना गिळून टाकतात. काही पेशी प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करतात; ही प्रथिने जंतूंना चिकटून त्यांना निकामी करतात. टी-पेशी नावाच्या पेशींचे एक पथक तर शरीरभर हिंडून बिघडलेल्या पेशी हुडकून काढते आणि त्यांचा नाश करते. या सर्व व्यवस्थेला शरीराची प्रतिकारयंत्रणा असे नाव आहे.

परंतु जो गड तोफांना दाद देत नाही, तो कधी कधी फितुरीने पडतो. बाहेरचा शत्रू तटावरून दिसतो. आतला फितूर मात्र आपल्याच माणसांत, आपल्याच वेषात वावरत असतो. कर्करोगाचे स्वरूप असेच आहे.

मनुष्याच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. जुन्या पेशी मरतात आणि त्यांची जागा घेण्यासाठी नव्या पेशी जन्माला येतात. केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, याची आज्ञा प्रत्येक पेशीच्या केंद्रातील जनुकांत लिहिलेली असते. एका पेशीच्या दोन पेशी होताना या आज्ञेची नक्कल केली जाते. नक्कल करताना एखादी चूक होणे स्वाभाविकच आहे. तंबाखूतील विषारी द्रव्ये आणि प्रखर उन्हातील किरण अशा चुका वाढवितात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. पण केव्हा तरी एखाद्या पेशीत अशा अनेक चुका साठतात आणि ती थांबण्याची आज्ञाच विसरते. मग एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा रीतीने ती वाढतच राहते. तिची गाठ बनते, शेजारच्या निरोगी भागांत घुसते आणि तिच्यातील काही पेशी रक्तावाटे दूर जाऊन तेथेही ठाण मांडतात. हाच कर्करोग.

मग पहारेकरी त्या वेळी काय करीत असतात? ते झोपलेले असतात काय? नाही. त्यांची अडचण निराळीच आहे. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी आहे. टी-पेशींचे शिक्षण या ग्रंथीत होते. जॅक मिलर या शास्त्रज्ञांनी १९६१ साली लंडन येथे उंदरांवर प्रयोग करून या ग्रंथीचे महत्त्व सिद्ध केले. जी टी-पेशी स्वकीयांवरच धावून जाते, तिला या शाळेतच बाद करण्यात येते. 'आपल्यावर शस्त्र उगारू नये' हा पहारेकऱ्यांचा पहिला धडा होय. हा धडा नसता, तर त्यांनी निरोगी शरीराचाच नाश केला असता. पण कर्करोगाची पेशी ही शरीराचीच पेशी असल्यामुळे तिला याच धड्याचे संरक्षण मिळते.

तथापि फितुराचा वेष कितीही हुबेहूब असला, तरी त्यात काही ना काही उणे राहतेच. प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी-पेशी येता-जाता ते तपासून पाहतात. आज्ञेतील चुकांमुळे कर्करोगाच्या पेशीतील काही प्रथिने बदललेली असतात. तीक्ष्ण नजरेच्या टी-पेशीला हा बदल ओळखता येतो. तेव्हा या पहारेकऱ्यांना जागे करून फितुरावर सोडता येईल काय, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली.

या शोधाचा आरंभ एका दुःखद घटनेने झाला. १८९० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात विल्यम कोली नावाचे अठ्ठावीस वर्षांचे शस्त्रवैद्य होते. त्यांच्याकडे एक सतरा वर्षांची मुलगी आली. तिच्या हाताला किरकोळ दुखापत झाली होती. परंतु सूज उतरत नव्हती आणि वेदना वाढत चालल्या होत्या. तपासणीअंती तो कर्करोग असल्याचे आढळले. डॉ. कोली यांनी तिचा हात कोपराखाली कापला. तरीही रोग सर्व शरीरात पसरला आणि १८९१ च्या जानेवारीत ती मुलगी मरण पावली.

त्या मृत्यूने तरुण वैद्याच्या मनाला चटका लागला. शस्त्रावाचून दुसरा उपायच नाही काय, या विचाराने ते रुग्णालयातील जुन्या नोंदवह्या चाळू लागले. एका नोंदीपाशी त्यांची नजर खिळली. सात वर्षांपूर्वी एका गरीब जर्मन माणसाच्या मानेवर कर्करोगाची गाठ झाली होती. अनेकदा शस्त्रक्रिया करूनही ती पुन्हा वाढली आणि वैद्यांनी आशा सोडली. त्यातच त्या माणसाला धावरे झाले. या रोगात जंतूंमुळे त्वचा लाल होऊन सुजते आणि तीव्र ताप चढतो. त्या काळी धावऱ्यावर खात्रीचे औषध नव्हते. पण नवल असे, की तापाबरोबर ती गाठ विरघळू लागली आणि अखेरीस नाहीशी झाली. रोगी रुग्णालयातून घरी गेला. पुढे त्याचे काय झाले, याची नोंद मात्र कोठेच नव्हती.

डॉ. कोली स्वतः त्याच्या शोधास निघाले. शहरातील गरीब वस्तीतील दाटीच्या चाळी त्यांनी पालथ्या घातल्या. एकेक जिना चढून दारे ठोठावली. शेवटी तो माणूस सापडला. तो धडधाकट होता. त्याच्या मानेवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण होता, पण गाठीचा मागमूसही नव्हता.

यावरून डॉ. कोली यांनी एक धाडसी निर्णय घेतला. १८९१ सालीच त्यांनी कर्करोगाने जर्जर झालेल्या काही रुग्णांच्या शरीरात धावऱ्याचे जंतू मुद्दाम सोडले. काहींच्या गाठी खरोखर विरल्या; पण दोन रुग्ण धावऱ्यानेच दगावले. उपाय रोगाइतकाच भयंकर ठरत होता. तेव्हा त्यांनी जिवंत जंतूंऐवजी उष्णतेने मारलेले जंतू वापरण्यास प्रारंभ केला. १८९३ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाच्या पोटात मोठी गाठ झाली होती. त्याला हे औषध टोचण्यात आले. प्रत्येक वेळी त्याला थंडी वाजून ताप भरे. हळूहळू गाठ लहान होत गेली. तो मुलगा बरा झाला आणि त्यानंतर सव्वीस वर्षे जगला.

परंतु या उपायाने सर्वांनाच गुण येत नसे. कोणाला येईल आणि कोणाला येणार नाही, हे सांगता येत नसे. आणि गुण का येतो, हे तर खुद्द डॉ. कोली यांनाही ठाऊक नव्हते. प्रतिकारयंत्रणेचे ज्ञानच त्या काळी अपुरे होते. याच सुमारास, १८९५ साली क्ष-किरणांचा आणि १८९८ साली रेडियमचा शोध लागला. किरणांनी गाठी जाळण्याचा उपाय अधिक भरवशाचा वाटल्यामुळे वैद्यांचे लक्ष तिकडे वळले. डॉ. कोली १९३६ साली निवर्तले आणि त्यांची पद्धती मागे पडली. त्यांची कन्या हेलन हिने मात्र वडिलांची जुनी टिपणे चिकाटीने गोळा केली आणि १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये या विषयाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली.

परकीय जंतूंच्या चाहुलीने पहारेकरी खडबडून जागे होतात आणि त्या गडबडीत त्यांची दृष्टी फितुरावरही पडते, असा डॉ. कोली यांच्या अनुभवाचा अर्थ आज लावला जातो. याला आधारही आहे. क्षयरोग टळावा म्हणून भारतात तान्ह्या बालकांच्या दंडावर बी. सी. जी. ही लस टोचतात. हिच्यात दुबळे केलेले जिवंत जंतू असतात. मूत्राशयातील कर्करोगावर हीच लस उपयोगी पडते, असे कॅनडातील वैद्यांनी १९७६ साली दाखवून दिले. मूत्राशयात ती सोडली, की तेथे पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि त्या कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडतात. हा उपाय आजही वापरला जातो.

पहारेकऱ्यांना जागे करणे शक्य आहे, एवढे आता कळले होते. तरीही पुष्कळदा ते गाठीजवळ पोचत आणि हल्ला न करताच थांबत. असे का होते, याचे कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस समजले. भरधाव घोड्याला लगाम नसेल, तर तो स्वाराला दरीत लोटील. टी-पेशींचेही तसेच आहे. लढाई संपल्यावर त्या थांबाव्यात, म्हणून निसर्गाने त्यांच्या पृष्ठभागावर काही प्रथिने ठेवली आहेत. ही प्रथिने लगामाचे काम करतात.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन हे यांपैकी सीटीएलए-४ नावाच्या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यांची आई ते लहान असतानाच कर्करोगाने वारली होती. लगामच झाकून टाकला तर काय होईल, असा प्रश्न त्यांना पडला. या प्रथिनाला चिकटून त्याचे काम बंद पाडणारे एक प्रतिपिंड त्यांनी घेतले आणि १९९४ च्या अखेरीस कर्करोग झालेल्या उंदरांना ते टोचले. उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या. हा योगायोग तर नव्हे, अशी शंका येऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाताळच्या सुटीतच तो प्रयोग पुन्हा केला. फळ तेच मिळाले. तरीही औषधे बनविणाऱ्या कंपन्यांनी आरंभी फारसा उत्साह दाखविला नाही. पंधरा वर्षांच्या खटपटीनंतर, २०१० साली, त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णांवर या औषधाचा स्पष्ट गुण दिसून आला. ज्यांचा रोग शरीरभर पसरला होता, अशांपैकीही काहीजण वाचले.

इकडे जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांना १९९२ साली पीडी-१ नावाचे दुसरे एक प्रथिन सापडले. तेही लगामच निघाले. यात नवलाची गोष्ट अशी, की कर्करोगाच्या काही पेशी स्वतःच हा लगाम ओढून टी-पेशींना थोपवून धरतात. तोही सैल करणारी औषधे पुढे तयार झाली. या दोघा शास्त्रज्ञांना २०१८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

लगाम सैल करूनही पहारेकऱ्याला फितूर ओळखताच आला नाही, तर? अशा वेळी त्याला नवी दृष्टी द्यावी लागते. या उपचाराला कार-टी असे म्हणतात. त्यासाठी प्रथम रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे त्या पेशींच्या अंगावर एक आकडा उगवतो. हा आकडा कर्करोगाच्या पेशीवरील एक विशिष्ट खूण अचूक पकडतो. अशा पेशींची प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढ करून त्या पुन्हा रुग्णाच्या रक्तात सोडतात. औषध म्हणून येथे दुसरे काही नसते. रुग्णाच्या स्वतःच्या जिवंत पेशी हेच औषध.

२०१२ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार करण्यात आला. तिचा रक्ताचा कर्करोग दोनदा उलटला होता आणि नेहमीची औषधे थकली होती. नव्या पेशी शरीरात जाताच तुंबळ लढाई जुंपली. मुलीला भयंकर ताप चढला, तिची शुद्ध हरपली आणि यंत्राच्या साहाय्याने श्वासोच्छ्वास चालू ठेवावा लागला. तिच्या रक्तात एक प्रथिन अतोनात वाढल्याचे वैद्यांच्या लक्षात आले. त्या प्रथिनाला आवर घालणारे एक औषध सांध्यांच्या आजारावर वापरात होते. तेच तिला देण्यात आले. काही तासांतच तिची प्रकृती सुधारू लागली. पुढे तपासणी केली, तेव्हा तिच्या शरीरात कर्करोगाची एकही पेशी आढळली नाही. दहा वर्षांनंतरही, २०२२ साली, ती निरोगी होती.

२०१७ साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. परंतु त्याची किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे कोट्यवधी रुपये होती. सामान्य भारतीय कुटुंबाला हे धन आणणार कोठून? पवई येथील आय. आय. टी. मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधकांनी हे काम भारतातच करण्याचे ठरविले. २०२१ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला शासकीय मान्यता मिळाली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. परदेशातील खर्चाच्या सुमारे एक दशांश खर्चात तो उपलब्ध झाला.

या रुग्णालयाचा इतिहासही येथे आठवतो. १९३१ साली मेहरबाई टाटा यांचा परदेशात रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. असे उपचार भारतातही व्हावेत, अशी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी तेही वारले. परंतु त्यांच्या नावाच्या निधीतून १९४१ साली परळ येथे हे रुग्णालय उभे राहिले. ज्या रोगाने त्या घरी दुःख आणले, त्याच प्रकारच्या रोगावरील नवा उपाय सिद्ध होण्यास ऐंशी वर्षांनंतर त्याच रुग्णालयाचा हातभार लागला.

असे असले, तरी कर्करोगावर पूर्ण विजय मिळाला, असे कोणीही समजू नये. लगाम सैल करणारी औषधे अनेकांना लागू पडत नाहीत. मोकाट सुटलेले पहारेकरी कधी कधी आतडी, फुप्फुसे अशा निरोगी अवयवांवरही तुटून पडतात. कार-टी उपचाराचा गुण रक्ताच्या कर्करोगात चांगला येतो. घट्ट गाठींच्या बाबतीत तो अजून तितकासा येत नाही. तो एक दशांश खर्चही गरिबाच्या आवाक्याबाहेरचाच आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांची गरज म्हणूनच आजही कायम आहे. रोग लवकर ओळखला, तर ते उपाय फार उपयोगी पडतात. आणि तंबाखूपासून दूर राहण्यास तर एक पैसाही खर्च येत नाही.

नोंदवहीतील एका ओळीचा माग काढीत एक तरुण वैद्य चाळींचे जिने चढला, तेव्हा आपल्याला काय सापडणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. जे सापडले, त्याचा अर्थही त्याला पुरता उलगडला नाही. त्याच्या मुलीने ती टिपणे जपली, कोणी थायमसचे कार्य शोधले, कोणी लगाम ओळखला, कोणी पहारेकऱ्याला नवी दृष्टी दिली. एकाने अर्धवट सोडलेले काम दुसऱ्याने पुढे नेले, म्हणून आज कित्येक रुग्ण, ज्यांची आशा सुटली होती, बरे होऊन घरी परतत आहेत. गडाचे पहारेकरी आरंभापासून गडावरच होते. त्यांची भाषा समजून घेण्यास मनुष्याला शंभर वर्षे लागली, आणि ते शिक्षण अजून संपलेले नाही.